बिनचोचीचा राघू

जपून या पाहुणे, दगड शेवाळलाय. हा खड्डा दिसतो ना, यात बारा महिने गुडघाभर पाणी असतं. वाढत नाही, आटत नाही. आम्ही याला येसूचा माग म्हणतो. विणणाऱ्याने पाय सोडून बसायचा खड्डा आहे हा.

येसू साळीण लुगडी विणायची. तिचा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसे, आणि कोपऱ्यात एक राघू असे, बिनचोचीचा. चोच दिली तर काठ कुरतडेल, असं ती हसून म्हणायची म्हणे. खाली खाडीत परदेशी गलबतं लागत आणि कापड भरून नेत. गाव त्यावर खाऊनपिऊन सुखी होतं.

एके वर्षी त्या गलबतांवरचा व्यापारी तिच्या दारात आला. नमुन्याला वीतभर तुकडा मागू लागला. मागावरचं कापड पुरं झाल्याशिवाय कापायचं नाही, ही साळ्यांची रीत. नवरा सटवा म्हणाला, "कापू नको गो."

"दारात इलेल्या पावण्याक रिकाम्या हातान कसा धाडू?" येसू म्हणाली, आणि कापलं.

पुढल्या हंगामात गलबत आलं ते भरायला नाही, उतरवायला. गठ्ठेच्या गठ्ठे. अर्ध्या किमतीचं लुगडं, तोच काठ, तोच बिनचोचीचा राघू. फक्त छापलेला, उलटी बाजू कोरी. पण उलटून बघतो कोण? आमचं कापड त्यांच्या देशात न्यायचं तर भरमसाट जकात, त्यांचं इथे आणायचं तर माफ. यापुढे विणू नका, घाटावरचा कापूस तेवढा पाठवा, असा निरोप आला.

गावातले माग बंद पडले. सुताला पैसा उरला नाही आणि लेकीचं लग्न तोंडावर, तेव्हा सटवानेही तेच लुगडं घरी आणलं. येसूने राघूवरून बोट फिरवलं. कापड उलटून पाहिलं. रडली असती तर बरं झालं असतं. मागात पाय सोडून बसली, आडवं सूत फिरवायचा हातातला धोटा खाली टाकला आणि पुन्हा विणणार नाही एवढंच म्हणाली. धोटा पडला तिथून पाणी लागलं, असं सांगतात. तिच्या गुडघ्यापर्यंत चढलं आणि थांबलं. मग ती उठली आणि भाकऱ्या थापायला गेली.

आजही इथली बाई नवं कापड घेताना दुकानातच कोपरा उलटून बघते. दुकानदार हसतात. परवा सुनेने साडी आणली, कुठल्या देशातली कोण जाणे. मी विचारलं, "कोपऱ्यात छापील राघू निघालो असतो तर?"

ती घडी घालत म्हणाली, "घेवचीच लागली असती, आबा. दुसरी खंय मेळता?"