परातीवरचं नाव

“म्हणजे काय ठेवायचं आणि काय टाकायचं, एवढंच ना?” सोमपुरी बुवांनी विचारलं.

“एवढंच नाही, बुवा. टाकायचं तर आहेच... पण टाकायचं कसं?”

प्रभाताई कर्णिक बत्तीस वर्षं शाळेत शिकवत होत्या, त्यातली शेवटची सात मुख्याध्यापिका म्हणून. प्रश्न विचारायचे ते मुलांना, आणि तेही उत्तर आधी स्वतःला माहीत असताना, अशी त्यांची उभ्या जन्माची सवय. आज मात्र दुखऱ्या गुडघ्यांनी नदीकाठच्या मठाच्या पायऱ्या चढून त्या दुसऱ्याला विचारायला आल्या होत्या. बरोबर एक जड पिशवी होती. ती त्यांनी रिक्षावाल्यालाही उचलू दिली नव्हती.

“माझ्या घरात आईची खोली आहे,” त्या म्हणाल्या. “आईला जाऊन तेवीस वर्षं झाली. पण लुगडी, पोथ्या, लोणच्याच्या बरण्या, चेपलेलं मोदकपात्र... सगळं जिथल्या तिथं आहे. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधलीय. कुठली, कधीची, कुणी दिली. एक सुई हलू दिली नाही मी.”

हे सांगताना मान जरा ताठ झालीच.

बुवा वालाच्या डाळिंब्या सोलत बसले होते. “मग अडलं कुठं?”

“सून बाळंतपणाला माहेरी गेली. नात झाली. आता चार महिन्यांची होईल. सून म्हणते, ती खोली रिकामी करा, बाळाला घेऊन येते. भांडत नाही हो बिचारी... पण येतही नाही.”

“मग करा रिकामी.”

“आणि आईचं नाव? ते पुसलं जाईल, बुवा. तिला ओळखणारी मी शेवटची.” प्रभाताईंनी पिशवी जवळ ओढली. “मला नात हवीय. पण आईला घराबाहेर काढून कशी आणू?”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बुवांनी एक डाळिंबी सोलली, दुसरी सोलली.

“आईंची एखादी आठवण सांगा बघू.”

“एखादी? शंभर सांगीन! जरीचं जांभळं लुगडं, मामांनी दिलेलं, सन बावन्न. चिनी मातीची बरणी, सांगलीहून आणलेली, सन...”

“ही चिठ्ठी झाली,” बुवा म्हणाले.

प्रभाताईंनी डोळे मिटले. त्यांनी आठवून पाहिलं. लुगड्याचा काठ दिसला, बरणीचं झाकण दिसलं. आई काही दिसेना.

...

“वस्तू हातात असली की आठवतं,” त्या घाईघाईनं म्हणाल्या आणि पिशवीतून पितळेची मोठी परात काढली. चिंचेनं घासून लख्ख केलेली. काठावर टाचणीच्या डोक्याएवढ्या ठिपक्यांनी नाव घातलं होतं: सौ. द्वारका महादेव सबनीस.

बुवांनी परात मांडीवर घेतली. नावावरून अंगठा फिरवला. “यात काय करता?”

“काही नाही. दिवाळीला काढते, घासते, परत कागदात गुंडाळून ठेवते.”

तेवढ्यात दाराशी कोणीतरी खाकरलं. खालच्या वस्तीतली कोंडाबाई होती.

“बुवा, मठात एखादी मोठी परात हाय का? नातवाचं बारसं हाय आज. घुगऱ्या शिजल्यात, पर वाटायला भांडंच न्हाई.”

“आहे की,” म्हणत बुवांनी मांडीवरची परात उचलून तिच्या हातात दिली.

प्रभाताईंनी हात पुढे केला. “अहो बुवा! ती माझी आहे! माझ्या आईची...”

“ते तर तिच्यावर लिहिलंच आहे.”

कोंडाबाई गोंधळली. परात तिनं छातीशी धरली होती, पण पाऊल उचलवेना. “बाई, रिकामी न्हाई आनायची मी. घुगऱ्या घालून आनीन.”

“तसं नाही गं... पण परत आलीच नाही तर?” प्रभाताई बुवांकडे वळल्या. “हरवली तर? कुणी घरात ठेवून घेतली तर?”

“हे नाव कुणी घालून घेतलं?” बुवांनी विचारलं.

“आईनंच. दुसरं कोण घेणार?”

“कधी?”

“घेतली त्याच दिवशी. घरीसुद्धा आणली नव्हती. दुकानाच्या पायरीवर नावं घालणारा माणूस छिन्नी-हातोडी घेऊन बसला होता, आणि आई...”

आई समोर उभी होती. पदर खोचलेला, कपाळावर घाम, एका हातात सातआठ वर्षांच्या प्रभेचं मनगट घट्ट धरलेलं. ही आठवण कुठल्याच चिठ्ठीवर नव्हती.

“आई त्याला म्हणत होती,” प्रभाताई हळूच म्हणाल्या, “वरवर नको रे बाबा, चांगलं खोल घाल. आळीत लग्नंमुंजी असतात, परात चार घरी फिरेल... आणि मग माझ्याकडे बघून हसली. किती हसायची ती, बुवा. मी विसरूनच गेले होते.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

कोंडाबाई अजून उंबऱ्यावरच होती. “मंग... नेऊ का, बाई?”

प्रभाताईंनी बुवांकडे पाहिलं. बुवा पुन्हा डाळिंब्यांकडे वळले होते.

“घरातच राहायची होती परात,” ते म्हणाले, “तर आईंनी नाव कशाला घातलं?”