कड्यावरचं नाव

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. चीनमध्ये दोन उभ्या कड्यांमधून एक नदी धावते. तिच्या काठी नावाड्यांचं गाव होतं आणि त्या गावात वेइ नावाचा पाथरवट राहत होता. त्याचा थोरला मुलगा पुरात गेला होता. धाकटा ह्वाइ अजून नाव हाकत होता, कारण राजाचं धान्य नावांतून वाहून नेणं थांबत नसे. पाणी कितीही चढो, अंमलदार कचेरीत बसून हुकूम सोडी, "सोडा नावा!" स्वतः त्यानं नावेत कधी पाय ठेवला नाही.

एकदा या अंमलदाराला वाटलं, आपलं नाव कड्यावर कोरून घ्यावं. वेइला बोलावणं आलं.

"कुठं कोरू, सरकार?"

"सगळ्यांना दिसेल तिथं."

"मग खालीच कोरतो. मान वर करून कोण बघतंय?"

गाव खवळलं. "वेइकाका, पोराला मारणाऱ्याचं नाव कोरताय? लाज विकलीत का?" ह्वाइनं तर बापाशी बोलणंच टाकलं.

वेइनं छिन्नी-हातोडा उचलला. थोरल्याची नाव फुटली त्या दिवशी पाणी कुठवर होतं, ते त्याला पाठ होतं. बरोबर तिथंच त्यानं छिन्नी टेकवली. असं म्हणतात, चाळीस दिवस तो दोराला लोंबकळत कोरत होता आणि तो ठोका ऐकायला नदी वळणावर थबकत असे.

मग पूर आला. अक्षरं पाण्याखाली गेली. हुकूम सुटला. ह्वाइ नावेचा दोर सोडू लागला, तसा वेइ धावत कचेरीत गेला आणि भरल्या सभेत पालथा पडला.

"सरकार, आपलं नाव पाण्याखाली आहे. आता हे नावाडी आपल्या नावावर पाय देऊन जाणार! कोरलं मी, पाप मला. आधी माझं डोकं उडवा."

त्या मुलखात थोरांच्या नावावर पाय पडणं म्हणजे भयंकर अपमान. सभेत कुणीतरी फिसकन हसलं. अंमलदार लालबुंद होऊन ओरडला, "नाव बुडालं की एकही नाव सुटता कामा नये!"

ह्वाइनं दोर पुन्हा खुंटाला गुंडाळला. कित्येक महिन्यांनी तो बापाशी बोलला. "बाबा, जेवलात का?"

असं म्हणतात, त्यानंतर त्या वळणावर एकही माणूस बुडाला नाही. अंमलदार गेला, राजे गेले, हुकूम तेवढा राहिला. पाणी दगड झिजवतं, पण ती अक्षरं म्हणे दरवर्षी अधिकच खोल होतात.

अजूनही हिवाळ्यात पाणी उतरलं की गावातली माणसं दोरानं खाली उतरतात आणि अक्षरांत लाल रंग भरतात. ती जुनी लिपी आता कुणालाच वाचता येत नाही. हे कुणाचं नाव, असं तिथल्या पोरांना विचारलं तर ती सांगतात, "वेइकाकांचं."