कारभाऱ्यांच्या वेगळ्या चुली

राजाने वेशीबाहेरच्या गरिबांसाठी तीन कारभारी नेमले: पिठाचा, पाण्याचा आणि सरपणाचा. पिठाचे त्र्यंबकराव बाकी दोघांवर जळत. ज्या आळीत त्या दोघांचे पाणी किंवा सरपण जाई, तिथे ते चिमूटभर पीठ पाठवत नसत. ते दोघेही तसेच.

वस्ती उपाशीच राहिली. "लोक आळशी आहेत, महाराज. वस्ती उठवा," त्र्यंबकराव म्हणाले.

हे कळताच वस्तीतल्या भागाईने राजासह तिघांना जेवायला बोलावले. त्र्यंबकरावांपुढे तिने कोरडे पीठ वाढले, दुसऱ्यापुढे पाणी ठेवले, तिसऱ्यापुढे लाकडे.

"अगं, भाकरी कुठाय?" त्र्यंबकराव ओरडले.

"शेजाऱ्यांकडं मागा की, सरकार."

त्र्यंबकरावांनी पिठाचे ताट स्वतःकडे ओढून घेतले.

"आम्ही आळशी नाही, महाराज," भागाई म्हणाली. "यांच्या चुली वेगळ्या आहेत."

राजाने वस्ती राखली आणि तिघांना एकाच कचेरीत बसवले. त्र्यंबकराव आता भागाईवर जळतात.