हैबतच्या छातीचं माप

"...मग भरवसा ठेवायचा तरी कुणावर, बुवा? आरशावर, का चार माणसांच्या तोंडावर?"

गावात किराणा दुकान चालवणारा हैबत मोहिते मठाच्या पायरीवर उभ्या उभ्याच विचारत होता. बस म्हटलं तरी बसेना.

बुवा उद्याच्या जत्रेसाठी दोर पिळत होते. "आरसा काय म्हणतो?"

"बारीक म्हणतो."

"आणि माणसं?"

"काडी म्हणतात. नाव हैबत, अंग उदबत्ती... काल पारावर बाळूनं सगळ्यांसमोर माझ्यावर फुंकर मारून बघितली. उडतोय का म्हणून!"

बुवा हसले. माल न घेता नुसता भाव विचारून जाणाऱ्या गिऱ्हाइकाचा येतो ना, तसा राग आला हैबतला.

तो मुद्द्यावर आला. देवाची ताडासारखी उंच काठी छातीशी तोलून पालखीपुढं नाचवायचा मान मोहित्यांच्या थोरल्या घराचा. वडील गेल्यावर तो यंदा हैबतकडं आलेला. आणि हा पठ्ठ्या तो चुलतभावाला, त्याच बाळूला, देऊन टाकायला निघाला होता. बुवांनी फक्त 'बरं' म्हणायचं होतं.

"म्हणतो की." बुवांनी दोर त्याच्यापुढं टाकला. "आधी तुझी छाती केवढी, ते जमिनीवर गोल मांडून दाखव. अंगाला न लावता."

हैबतनं अंदाजानं कडं मांडलं. घागरीच्या तोंडाहून थोडं मोठं.

दुसऱ्याला माप घालताना हात आखडतो, हे दुकानदाराला सांगायला नको. पण हा तर स्वतःलाच माप घालत होता!

बुवांनी दोर तेवढ्यावर कापला. "काढ सदरा."

हैबत घुटमळला. सदऱ्याखाली बनियन निघालं. त्याखाली दुसरं. त्याखाली तिसरं. भर चैत्रात!

"आत तू आहेस ना रे?" बुवांनी विचारलं.

तापलेल्या उघड्या छातीभोवती दोर फिरला. टोकाला टोक भेटेना. मधे चांगली वीतभर छाती उघडीच राहिली.

हैबत त्या जागेकडं बघत राहिला...

"म्हणजे... मी बारीक नाही?"

"आहेस की! बरगड्या दिसतायत. पण एवढा नाहीस. ही वीत कुणी खाल्ली?"

"बाळूनं."

"बाळू इथं कुठाय? कडं कुणी मांडलं?"

हैबतची कानशिलं तापली. त्यानं बनियनं उचलली आणि तिन्ही अंगणात भिरकावून दिली.

"मान देत नाही मी, बुवा! उद्या उघड्या अंगानं काठी धरतो. फुंकू दे बाळूला."

"फुंकेलच तो. गावही हसेल."

"हसू दे!" हैबत दोन पायऱ्या उतरला, थबकला. "...आणि काठी पडली तर?"

"पडली तर पडली म्हण. बारीक होतो म्हणून पडली, असं मांडू नकोस. हिशेब खरा ठेव, बाबा."