शिंप्याच्या दारातले तळे

विषय: रस्त्यावरील खड्डा बुजविण्याबाबत.
संदर्भ: नगरपंचायतीच्या फेसबुक पानावर टाकलेला फोटो.

उपरोक्त विषयी नमूद करण्यात येते की, एका गावात एक शिंपी राहत होता. सुधाकर माळवदे त्याचे नाव. त्याच्या दारासमोर मोठा खड्डा होता आणि फुटक्या नळामुळे तो बारा महिने भरलेला असे. सुधाकरचे वडील अण्णा रोज वाचनालयात जाऊन पेपर वाचत. एकदा ते त्या खड्ड्यात पडले, कमरेला मार बसला, आणि तेव्हापासून ते घराबाहेर पडेनासे झाले.

सुधाकरने खड्ड्याचा फोटो काढून नगरपंचायतीच्या पानावर टाकला. वेळ सूर्यास्ताची होती. पाण्यात तांबडे आभाळ आणि समोरचा कडुलिंब उतरला होता. खाली त्याने लिहिले, 'कृपया लक्ष द्यावे.'

लोकांनी लक्ष दिले. एकाने विचारले, "कुठलं तळं हे, मास्तर?" दुसऱ्याने लिहिले, "शिलाई सोडा, कॅमेरा धरा." शेवटी नगरपंचायतीचेही उत्तर आले: 'अभिनंदन. आपला फोटो सुंदर शहर स्पर्धेत घेतला आहे. परीक्षक स्थळ पाहण्यास येतील.'

ही तक्रारीची दखल की तक्रारीचा सत्कार, हे सुधाकरला कळेना. पण काज-बटण करतानाही त्याचा डोळा मोबाईलवर राहू लागला.

अशात एका सकाळी नगरपंचायतीचा मुकादम मुरुमाचा डंपर घेऊन दारात आला. त्याने तक्रार ही तक्रार म्हणूनच वाचली होती. असे लोक कार्यालयात अजून आढळतात.

सुधाकर आडवा आला. "परीक्षक येऊन जाऊ द्या, मग बुजवा."

"मास्तर, तुम्हाला खड्डा हवाय का नकोय?"

"नकोच आहे. पण चार दिवस राहू द्या."

आतून अण्णा म्हणाले, "राहू दे की. मीही परीक्षक आल्यावरच बाहेर पडेन."

मुकादमाने डंपर मागे घेतला. भरलेला डंपर कुठेतरी रिकामा करणे भाग होते. तो एका नगरसेवकाच्या अंगणात रिकामा झाला.

परीक्षक आलेच नाहीत. उत्तेजनार्थ बक्षीस मात्र आले. सुधाकरने प्रमाणपत्र भिंतीला लावले आणि पुन्हा तक्रार केली. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, "तुमचा खड्डा बक्षीसपात्र आहे. तो बुजवायचा तर ठराव लागेल." मग त्याने भर दुपारी खड्ड्याचा मुद्दाम कुरूप फोटो काढून टाकला. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. अखेर त्याने कागदावर अर्ज दिला.

अण्णांना पेपर आता सुधाकरच मोबाईलवरून वाचून दाखवतो. अर्ज विचाराधीन आहे.

तात्पर्य: आपल्या दुखण्याची वाहवा गोड लागू लागली, की वैद्य दारात आला तरी आपणच त्याला परत पाठवतो.