बरणीतले चिंचोके

समुद्रापलीकडच्या एका बेटावर एक गाव होते. गावात गोरे लोक राहत आणि काळेही राहत. गावसभेत हात वर करायचा हक्क मात्र गोऱ्यांचा. काळ्यांनी तो मागितला, की कारभारी चावडीतली झाकलेली बरणी पुढे करीत. आत चिंचोके किती, हे न उघडता सांगायचे. गोऱ्यांना हे कोडे कुणी घालत नसे.

काळ्यांच्या वस्तीत तुळसा नावाची विणकरीण होती. बाई भारी संशयी. ताकसुद्धा फुंकून प्यायची आणि लोक तिला हसायचे. येत्या सभेत काळ्यांची वस्ती उठवून तिथे बाग करायचे घाटत होते. तुळसाची झोप उडाली. तिच्या वडिलांनी एकशेदहा सांगितले होते, शेजाऱ्याने एकशेअकरा. कारभाऱ्यांनी बरणीकडे न बघताच दोघांना ‘चूक’ म्हटले होते. इथे नक्की पाणी मुरतेय, असे तिच्या मनाने घेतले.

तिने बाजारातून तसलीच बरणी आणली. ठासून भरली तरी दोनशेच्या वर एक चिंचोका मावेना. मग ती घरोघर फिरली.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढे दोनशे माणसांची रांग लागली. पहिला म्हणाला, “एक.” दुसरा म्हणाला, “दोन.” कारभाऱ्यांना आधी हसू आले, मग जांभया येऊ लागल्या. कारकून प्रत्येक आकड्यापुढे ‘चूक’ लिहीत गेला. शेवटी तुळसा उभी राहिली.

“दोनशे.”

“चूक.”

“मग बरोबर कुठला? फोडा बरणी.”

बघायला जमलेले गोरेही म्हणाले, “फोडाच.” चिंचोके निघाले एकशेसदतीस. कारकुनाने मान खाली घालून वही वाचली: “एकशेसदतीस. गोमा कोष्टी. चूक.”

कारभारी एकदम मऊ झाले. “हुशार आहेस गं बाई. तुला एकटीला हक्क देऊन टाकतो.”

ते गोड बोलणे ऐकून तुळसाला जास्तच शंका आली. ती म्हणाली, “एकटीचा हात खाली ओढायला कितीसा वेळ लागतो? परीक्षा दोनशेजणांनी दिली, हक्कही दोनशेजणांना द्या.” सगळे तिथेच बसले. तिसऱ्या दिवशी कारभारी नमले.

सभेत बागेच्या विरोधात दोनशे काळे हात वर झाले, गोऱ्यांचे हात कमी पडले. वस्ती वाचली. लोक आनंदाने रडत होते. तुळसा मात्र एक हात वर धरून कारकुनाच्या वहीत डोकावत होती.

तात्पर्य: जी परीक्षा काहीजणांनाच द्यावी लागते, तिच्यावर संशय घ्यावा, आणि हक्क मागायला एकट्याने जाऊ नये.