तपेल्याची पांढरी कल्हई

भांडी अजून बोलत असत त्या काळी द्वारकाकाकूंच्या चुलीवर एक पितळी तपेलं होतं. नव्या विहिरीचं पाणी तापवता तापवता त्याच्या तळाला पांढरा थर चढला, तसं ते फुशारून गेलं. "कल्हईवाला न येताच मला कल्हई चढतेय!" असं ते कढईला सांगे.

थर जाड झाला आणि पाणी लवकर तापेनासं झालं. लाकडं दुप्पट जळू लागली. एका सकाळी काकू कावल्या, "हे तपेलं आता मोडीतच घालते!"

"पण मला तर कल्हई चढलीय!" तपेलं कळवळलं. शेजारी सरबताची पिळलेली लिंबं पडली होती. त्यातलं एक म्हणालं, "अरे, ही कल्हई नव्हे. विहिरीचं पाणी जड आहे. ते तापलं की त्यातले क्षार तळाला बसतात. आम्हाला पोटात घे."

"तुम्हाला? पिळून टाकलेल्यांना?" तपेल्याने नाक मुरडलं. मग मोडीत जाणं आठवलं आणि त्याने गुमान तोंड उघडलं.

लिंबं टुणकन आत पडली, पाण्यात उकळली, थराच्या खपल्या सुटल्या आणि खालची खरी कल्हई लख्ख दिसली. पुढचं पाणी बघता बघता खळखळलं. "अगोबाई, चांगलं भांडं मोडीत घालत होते की मी!" काकू म्हणाल्या. तपेल्याने सुटकेचा केवढा वाफारा सोडला!

महिन्याने तळाशी पुन्हा पांढरी कड दिसली. तपेलं कढईला हळूच म्हणालं, "आज सरबत आहे का गं कुणाला?"